कृत्तिकांची पूर्व

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाटुकले, नाच आणि फराळ यांच्या मधोमध एक 'माहितीपर' व्याख्यान घालण्याची प्रथा आहे. त्या अर्ध्या तासात आया मुलांच्या डोक्यांवरचे फेटे नीट करतात आणि बाप गाडी कुठे लावली याची चर्चा करतात. एका वर्षी मात्र सगळ्यांनी कान दिला. व्याख्यात्यांनी पडद्यावर एक ओळ दाखवली होती : शतपथ ब्राह्मणाचा काळ इसवी सनापूर्वी ३०००, आणि खाली ठळक अक्षरांत 'खगोलशास्त्राने सिद्ध'. पुरावा असा की, कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे त्या ग्रंथात म्हटले आहे आणि तसे पाच हजार वर्षांपूर्वीच घडत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

पुढे बटाटेवड्याच्या रांगेत एका बारा वर्षांच्या मुलीने आपल्या बाबांना विचारले, "पण आत्ता त्या कुठे उगवतात?"

बाबा म्हणाले, "पूर्वेलाच गं. सगळंच पूर्वेला उगवतं."

हे उत्तर चूक आहे. पण त्या सभागृहात दुसरे कोणी याहून बरे दिले असते असे मला वाटत नाही. पाच हजार वर्षांवर टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा ऐंशी-नव्वद माणसांपैकी, ज्यांच्या नावे टाळ्या वाजल्या त्या कृत्तिका आकाशात कितीजणांना दाखवता आल्या असत्या? मी घरी जाऊन मूळ पुस्तक काढले. कारण ही ओळ आपल्यापर्यंत आली आहे ती एका मराठी पुस्तकातून, आणि त्या पुस्तकाचा निष्कर्ष जितका फिरतो तितके ते पुस्तक वाचले जात नाही.

ते पुस्तक म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. दीक्षित १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुडचे जन्मलेले, पेशाने शिक्षक. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसाच्या निमित्ताने त्यांनी हा ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली पुण्यात छापला गेला आणि १८९८ मध्ये दीक्षित वारले. आयुष्य उणेपुरे पंचेचाळीस वर्षांचे. त्याच १८९६ साली रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर लिहिलेले इंग्रजी पुस्तकही बाहेर पडले. पण मोठे काम त्यांनी मराठीत ठेवले. तीन वर्षे आधी, १८९३ मध्ये, टिळकांनी 'ओरायन' इंग्रजीत लिहून वेदांच्या प्राचीनतेचा वाद थेट युरोपातल्या पंडितांच्या अंगणात नेला होता. दीक्षितांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद भारत सरकारने काढला तो १९६९ मध्ये, आणि दुसरा भाग १९८१ मध्ये. मराठीत लिहिण्याची एवढी किंमत त्यांनी मोजली आणि आपण त्यांना तिची भरपाई न वाचून केली.

या ग्रंथाची भाषा कोरडी आहे, पण ती मला आवडते. तीत पूर्वजांबद्दल अभिमान आहे, तरी तो आकड्यांच्या मागे उभा राहतो, पुढे नाही. सिद्धान्तग्रंथाचे मान द्यायचे, ते आधुनिक मानाशी ताडून पाहायचे, फरक पडला तर तोही लिहायचा, अशी ही पद्धत. कृत्तिकांचा युक्तिवाद त्यांनी याच पद्धतीने मांडला, आणि १८९५ साली 'इंडियन अँटिक्वरी'त इंग्रजीतही लिहिला. तो समजून घ्यायला आपल्याला ब्लँचर्डस्टाउन सोडून कुठे जाण्याची गरज नाही.

गावच्या मुख्य रस्त्यावर उभे राहून नेमके पूर्वेला बोट केले तर एम-५० च्या पलीकडे, दोन-अडीच किलोमीटरवर, डन्सिंकची वेधशाळा येते. १७८५ साली स्थापन झालेली ही वेधशाळा आज डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीजकडे आहे. १८८० पासून १९१६ पर्यंत साऱ्या आयर्लंडची घड्याळे हिच्या वेळेवर चालत. ग्रीनिचच्या २५ मिनिटे २१ सेकंद मागे. आपल्याकडच्या पंचांगवाल्यांना स्थानिक वेळेचा हा आग्रह चांगला कळेल. येथेच विल्यम रोवन हॅमिल्टन राहत असे. १८४३ साली रॉयल कॅनॉलच्या काठाने शहराकडे चालत जाताना त्याला क्वाटर्नियनचे सूत्र सुचले. त्याने लहानपणी ज्या भाषांचा अभ्यास केला त्यांत संस्कृतही होती, हे जाता जाता.

तर डन्सिंक ही आपली पूर्व. सूर्य नेमका तिच्यावर वर्षातून दोनदाच उगवतो, विषुवदिनांना. जूनमध्ये तो तिच्या पुष्कळ डावीकडे आणि डिसेंबरात पुष्कळ उजवीकडे जातो. तारे असे हिंडत नाहीत. जो तारा खगोलीय विषुववृत्तावर आहे तो वर्षभर रोज नेमका पूर्वेला उगवतो, आणि मौज अशी की तो पुण्यातही पूर्वेला उगवतो आणि ब्लँचर्डस्टाउनलाही. आज हा मान मृगाच्या पोटातल्या बाणाला, म्हणजे त्रिकांडाला आहे. त्या तीन ताऱ्यांतला सर्वांत वरचा विषुववृत्तापासून जेमतेम तिसरा हिस्सा अंशावर आहे. कृत्तिका मात्र विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे चोवीस अंश आहेत. परिणामी पुण्यात त्या पूर्वेपासून पंचवीस-सव्वीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतात, आणि आपल्या येथे, अक्षांश वाढल्यामुळे, त्रेचाळीस अंश. हात लांब करून मूठ धरली की आकाशातले सुमारे दहा अंश झाकले जातात. म्हणजे डन्सिंकच्या डावीकडे चार मुठी आणि वर थोडे. विमानतळाच्याही पलीकडे, स्वोर्ड्‌सच्या अंगाला. ढळत नाहीत कसल्या? पार ईशान्येला गेल्या आहेत.

हे त्यांना कोणी नेले? पृथ्वीच्या अक्षाने. भोवऱ्याची दांडी डुलावी तसा हा अक्ष सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा करतो, आणि त्यामुळे संपातबिंदू बहात्तर वर्षांत साधारण एक अंश मागे सरकतो. हिशोब उलटा फिरवला तर इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास कृत्तिका विषुववृत्तावर येतात. त्या काळी त्या खरोखर पूर्वेला उगवत. दीक्षितांचे म्हणणे एवढेच आणि एवढे सरळ : ब्राह्मणकार वर्तमानकाळात बोलतो आहे, तेव्हा त्याने हे पाहिलेले असले पाहिजे. टिळकांची वाट वेगळी होती. त्यांनी वसंतसंपात कोणत्या नक्षत्रात होता यावरून कालखंड पाडले, आणि कृत्तिकांचा काळ इसवी सनापूर्वी २५०० ते १४०० असा धरला. दोघांच्या आकड्यांत फरक पडतो त्यात गूढ काही नाही. कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या चार अंश उत्तरेला आहेत, म्हणून त्या विषुववृत्तावर असण्याचा काळ आणि संपात त्यांच्यापाशी असण्याचा काळ यांत सहा-सातशे वर्षांचे अंतर पडते. व्याख्यानांत हे दोन युक्तिवाद एकमेकांत कालवून वाढले जातात, ते मात्र खटकते.

दीक्षितांचा युक्तिवाद गणिती म्हणून निर्दोष आहे. मी तो शाळेतल्या त्रिकोणमितीने पुन्हा करून पाहिला. आणि तो वाटतो त्यापेक्षा बळकटही आहे. भाषेच्या अभ्यासकांपैकी बहुतेक शतपथ ब्राह्मण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात ठेवतात. समजा ते इसवी सनापूर्वी ८०० चे आहे. तेव्हा कुरुक्षेत्राच्या अक्षांशावरून कृत्तिका पूर्वेच्या चौदा अंश उत्तरेला उगवत. म्हणजे जवळजवळ दीड मूठ. यज्ञमंडपाची प्राची दिशा ठरवणे ज्यांच्या पोटापाण्याचा आणि पापपुण्याचा प्रश्न होता त्या लोकांना दीड मुठीची चूक दिसली नसेल? बौधायनाच्या श्रौतसूत्रातही मंडपाची दिशा कृत्तिकांवरून साधायला सांगितली आहे. दीड मूठ तिरका मांडव साध्या सुताराच्याही डोळ्याला बोचतो.

इथवर मी दीक्षितांच्या बाजूचा होतो. पण मग मी ते वाक्य ज्या परिच्छेदात आहे तो सबंध वाचला.

प्रश्न आहे अग्नी कोणत्या नक्षत्रावर स्थापावा. कृत्तिकांवर स्थापावा, कारण एक, त्यांची देवता अग्नी आहे. दोन, बाकीच्या नक्षत्रांत एक, दोन, तीन किंवा चार तारे असतात आणि कृत्तिका पुष्कळ आहेत, तेव्हा यजमानालाही भरभराट मिळते. तीन, त्या पूर्वेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रे ढळतात. आता दुसरे कारण तपासू. हस्ताचे काय? त्याला पाच तारे, हाताची पाच बोटे; पुढच्या याद्याही तेच सांगतात. दुसरे कारण देताना ब्राह्मणकाराने हस्ताची बोटे मोजलेली नाहीत. मग तिसरे देताना त्याने अंश मोजले होते असे आपण कशावरून धरतो?

मीमांसकांनी अशा वाक्यांसाठी एक चांगले हत्यार घडवून ठेवले आहे. अमुक कर हा विधी. ते का चांगले याची स्तुती हा अर्थवाद. अर्थवादाचे शब्द विधीच्या दाराशी उभे राहून त्याची जाहिरात करतात, त्यांना साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात बोलवायचे नसते. पण एवढ्यावर दीक्षितांना निकालात काढता येत नाही, कारण अर्थवादातही अनुवाद नावाचा प्रकार आहेच : जे दुसऱ्या प्रमाणाने सर्वांना ठाऊक आहे तेच पुन्हा म्हणणे, जसे विस्तवाने थंडी जाते. कृत्तिकांचे ढळणे वा न ढळणे हे रोज डोळ्यांना दिसणारे. मग हा अनुवाद का नसावा? मी या जागी बरेच दिवस अडलो होतो. सोडवले ते पुढच्याच वाक्याने.

पुढचे वाक्य विरुद्ध पक्षाचे आहे. कृत्तिकांवर अग्नी स्थापू नये, कारण त्या पूर्वी ऋक्षांच्या बायका होत्या. सप्तर्षींना आधी ऋक्ष म्हणत. ऋक्ष म्हणजे अस्वल. आणि या बायकांना नवऱ्यांचा सहवास मिळत नाही, कारण सप्तर्षी उत्तरेला उगवतात आणि त्या पूर्वेला. यजमानाच्या वाट्यालाही तोच विरह येईल.

सप्तर्षी 'उगवतात'. हा शब्द मी पुन्हा गणितात घालून पाहिला. इसवी सनापूर्वी ३००० मध्ये सातही ऋषी ध्रुवबिंदूपासून चोवीस अंशांच्या आत होते. कुरुक्षेत्राचा अक्षांश सुमारे तीस. म्हणजे दीक्षितांच्या काळात तेथून सप्तर्षी मावळतच नव्हते. रात्रभर ध्रुवाभोवती फिरत. जे मावळत नाही ते उगवेल कसे? इसवी सनापूर्वी ८०० घेतले तरी शेपटीचा शेवटचा तारा सव्वीस अंशांच्या आतच राहतो आणि उत्तर तेच येते. आज मात्र कुरुक्षेत्रावरून सप्तर्षींतले काही तारे मावळतात. आणि येथे आयर्लंडमध्ये सगळेच्या सगळे न मावळणारे आहेत. (येथल्या लोकांना त्यांत नांगर दिसतो. आयरिश सिटिझन आर्मीने १९१४ मध्ये तो आपल्या झेंड्यावर घेतला.) सांगायचे असे की, कोणताही काळ धरा, त्या परिच्छेदातले 'उगवतात' हे क्रियापद सैल आहे. त्याचा अर्थ 'त्या अंगाला दिसतात' एवढाच. आणि ज्या लेखकाचे 'उत्तरेला उगवतात' सैल आहे त्याचे त्याच श्वासातले 'पूर्वेपासून ढळत नाहीत' अंशाकलांत घट्ट धरणे, हा वाचनाचा न्याय नव्हे. त्याला दिशांची जोडी हवी होती : नवरे उत्तरेला, बायका पूर्वेला.

यावर कोणी म्हणेल, वाक्य जुने असेल, ग्रंथ नंतरचा असेल. परंपरेने निरीक्षण जपून ठेवले असेल. हे मला सर्वांत संभवनीय वाटते, आणि नक्षत्रांच्या वैदिक याद्या कृत्तिकांपासून सुरू होतात, अश्विनीपासून नव्हे, हे त्याच्याशी जुळते. आपल्या पत्रिकांतली विंशोत्तरी दशाही कृत्तिकांपासूनच मोजतात, तिथेही जुन्या घराचा उंबरा शिल्लक आहे. परंतु हे मान्य केले की 'शतपथ ब्राह्मणाचा काळ' सिद्ध होत नाही. एका आठवणीचा काळ फार तर सुचतो.

पुराव्याने काळ कसा ठरतो हे पाहायला आपण सगळेच पाहुण्यांना घेऊन जातो, फक्त त्या दृष्टीने बघत नाही. उत्तरेला मीथमध्ये न्यूग्रेंज आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून शिरून आतल्या खोलीपर्यंत पोचतो आणि सतरा मिनिटांनी जातो. मायकेल ओ'केली यांनी हे १९६७ च्या २१ डिसेंबरला आत उभे राहून पाहिले. न्यूग्रेंजचे वय इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे दीक्षितांच्या कृत्तिकांचे समवयस्क. पण हे वय सूर्यावरून काढलेले नाही. छताच्या दगडांच्या फटी बुजवायला वापरलेल्या जळक्या मातीतल्या कार्बनवरून ते निघाले, आणि मग सूर्य त्यात बसला. दगड जागचा हललेला नव्हता. वाक्याचे तसे नसते. ते तोंडातोंडी येते, आणि येताना नवे कपडे घालते. दीक्षितांच्या हाताशी कार्बनची कसोटी नव्हती, तो दोष त्यांचा नाही. ती हाताशी असताना आपण १८९६ चे अनुमान 'सिद्ध' म्हणून पडद्यावर लावतो, हा आपला.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या भागाकडे येतो. काळाच्या वादात तो परिच्छेद इतका पिळला गेला की, त्यातल्या बायकांकडे कोणाचे लक्षच गेले नाही. शतपथ त्या वादाचा निकाल काय देते? अग्नी स्थापावा; कारण कृत्तिकांना जोडीदार नाही असे नाहीच, अग्नीच त्यांचा जोडीदार आहे. संपले. नवऱ्यांपासून दूर राहणाऱ्या या बायकांवर कसलाही ठपका नाही, दिशा वेगळ्या पडल्या एवढेच. आणि त्यांचा नवा संसार चारचौघांत, यज्ञाच्या वेदीवर मान्य केलेला.

हीच सामग्री महाभारताच्या वनपर्वात येते तेव्हा काय होते पाहा. अग्नी ऋषिपत्नींवर लुब्ध होतो. स्वाहा त्याच्यावर. ती एकेका ऋषिपत्नीचे रूप घेऊन सहा वेळा त्याच्याकडे जाते. सातवीचे, अरुंधतीचे रूप तिला घेता येत नाही, एवढे अरुंधतीचे पातिव्रत्य. स्कंद जन्मतो, बोभाटा होतो, आणि सहा ऋषी आपापल्या बायकांना टाकून देतात. स्वाहा सांगते की ते मी केले; तरी कोणी ऐकत नाही. टाकलेल्या सहाजणी अखेर स्कंदाकडे येतात आणि आकाशात जागा मिळवतात. म्हणजे ब्राह्मणात जे सरळ होते ते पुढच्या कवीला सोसेना. पत्नी आणि अग्नी ही जोडी तर परंपरेने दिलेली, टाळता येत नाही. मग त्याने मध्ये स्वाहा उभी केली, बायकांना निर्दोष ठेवले, आणि निर्दोष ठेवूनही शिक्षा केली. कथा म्हणून ही जास्त थोर आहे, यात मला शंका नाही. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आणि ती कायमची आकाशात कोरलेली, हे शतपथाच्या पंडिताला सुचले नसते. पण थोर झाली म्हणजे दयाळू झाली असे नव्हे. आपण लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवतो. वसिष्ठाला चिकटून बसलेली ती अंधुक तारका शोधताना भटजींसकट सगळ्यांची तारांबळ उडते. उघड्या डोळ्यांना सहज दिसणारा सहाजणींचा झुबका मात्र कोणी दाखवत नाही.

त्यातून तैत्तिरीय शाखेत कृत्तिकांची नावे सात आहेत : अंबा, दुला, नितत्नि, अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती, चुपुणीका. त्यांतल्या तिघी ढग आणि पाऊस आणणाऱ्या. अग्नीच्या नक्षत्रात पावसाच्या बाया. मला ही यादी कोणत्याही तारखेपेक्षा मोलाची वाटते, कारण येथे कोणीतरी त्यांना एकेकीने हाक मारली आहे. पुढे त्या 'सहा कृत्तिका' झाल्या, एका मुलाच्या सहा दाया, नावे गळाली. ज्योतिषग्रंथांनी त्यांचा आकार वस्तऱ्याचा ठरवला.

आणि त्या मुलाचे आपल्या महाराष्ट्रात काय झाले? दक्षिणेत मुरुगन दोन बायकांसह उभा असतो. कार्तिकात तमिळ घरांत त्याच्यासाठी आणि कृत्तिकांसाठी पणत्या लागतात. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, आणि बायकांनी त्याचे दर्शन घ्यायचे नाही अशी रूढी. अपवाद एकच, कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेवढा वेळ. पंचांगात त्याची वेळ छापलेली असते. माझी आत्या त्या दिवशी पर्वतीच्या पायऱ्या चढायची. एरवी ती देवदेवेश्वराचे दर्शन घेऊन कार्तिकस्वामीच्या देवळाकडे पाठ करून उतरायची. तिला मी एकदा विचारले होते की ज्याला सहा बायकांनी दूध पाजले त्याला बायकांचा विटाळ कसा. ती म्हणाली, "म्हणून तर त्यांच्या नक्षत्रावर जाऊ देतात." या उत्तराने माझे समाधान झाले नव्हते, अजून झालेले नाही, पण कृत्तिका म्हणजे कोण हे तिला माहीत होते, आणि दिवाळीच्या त्या पडद्यावर त्याचा मागमूसही नव्हता. तिथे त्या पाच हजार वर्षांच्या दाखल्यावरचा शिक्का तेवढ्या होत्या.

दीक्षितांना हे विचारणे बरोबर नव्हे. त्यांचा विषय तो नव्हता. टिळकांनी मात्र 'ओरायन'मध्ये मृगाच्या निमित्ताने पुराणकथांचा भरपूर अर्थ लावला आहे, आणि तरीही त्यांच्या हाती कथा शेवटी काळ मोजण्याची पट्टी होऊन बसते. पहिल्या पिढीला ती पट्टी हवी होती, समोर मॅक्स म्युलरचे आकडे होते, परके राज्य होते. आपल्याला येथे कोण विचारतो आहे की तुमचे वेद किती जुने? मला तरी इतक्या वर्षांत कोणा आयरिश माणसाने विचारलेले नाही. विचारतात ती आपली मुले, आणि ती काळ विचारत नाहीत, कुठे आहे ते दाखव म्हणतात.

सप्टेंबरच्या अखेरीस एका शुक्रवारी रात्री साडेनऊला आम्ही चार घरची माणसे रॉयल कॅनॉलच्या काठावर गेलो. ढग नव्हते, हेच नवल. ती मुलगी आणि तिचे बाबा होते. डन्सिंकच्या बाजूला अंधार होता, तिथे उगवण्याजोगे काही नव्हते; मृगाचा बाण वर यायला मध्यरात्र उलटावी लागते. बाबांनी हात लांब करून मुठी मोजल्या. क्षितिजापासून मूठभर वर, पूर्वेपासून तीन मुठी डावीकडे तो झुबका सापडला. उगवताना आणखी डावीकडे असणार, मी सांगितले. मुलीने सहा मोजल्या. तिच्या धाकट्या भावाला सात दिसल्या असे तो शपथेवर म्हणाला. बाबांना रस्त्यावरच्या दिव्यामुळे नुसताच धूसर ठिपका दिसत होता. ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि मग नावे विचारू लागले. चुपुणीकेला सगळे हसले.